भंडाऱ्याची सरकारी नोकरी सोडलेला बॅरिस्टर तीन विद्यापीठांचा कुलगुरू झाला. आज भंडाऱ्याच्या प्राध्यापकाला त्या खुर्चीपर्यंत पोचायला किती वर्षं लागतात?

निकाल लागला नाही, गुणपत्रिकेवर नाव चुकलं, पुनर्मूल्यांकनाचा अर्ज कुठल्या टेबलावर अडकलाय ते कळेना. भंडारा असो, तुमसर असो, साकोली किंवा लाखांदूर, कॉलेज शिकलेल्या पोराला नागपूरची एक तरी वारी चुकलेली नाही. जिल्ह्यात कॉलेजं भरपूर, पण त्यांचा कागद शेवटी नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराज विद्यापीठातूनच निघतो.

त्या विद्यापीठात सगळ्यात वरच्या खुर्चीवर कुलगुरू बसतात, एवढं सगळ्यांना माहीत असतं. विद्यार्थी संघटना त्यांना निवेदन देतात, पदवीवर त्यांची सही असते. पण हा माणूस तिथवर पोचतो कसा? निवडून येतो, परीक्षा देतो, की मुंबईतून कुणीतरी फोन फिरवतो?

याचं उत्तर शोधताना सुरुवात भंडाऱ्यातूनच करता येते.

भंडाऱ्यात तीन महिने टिकलेला साहेब

सागरचा एक मुलगा, हरिसिंह गौर. जन्म 1870 चा. केंब्रिजला शिकला, बॅरिस्टर झाला आणि परत आल्यावर त्याला मध्य प्रांताच्या सरकारात अतिरिक्त सहायक आयुक्ताची नोकरी मिळाली. नेमणूक कुठे, तर भंडाऱ्यात. त्या काळी अशी नोकरी म्हणजे घोडा, बंगला, पट्टेवाला, सगळं आलं. गौर तिथे तीन महिनेच राहिले. नोकरी सोडली, वकिली धरली आणि कायद्याच्या पुस्तकांवर असं नाव काढलं की पुढे त्यांचे ग्रंथ कोर्टात आधाराला घेतले जाऊ लागले.

1922 ला दिल्ली विद्यापीठ सुरू झालं तेव्हा पहिले कुलगुरू म्हणून हरिसिंह गौर यांनाच नेमलं. हाताशी तीन कॉलेजं होती: सेंट स्टीफन्स, हिंदू आणि रामजस. त्याच काळात ते मध्यवर्ती कायदेमंडळातही होते. स्त्रियांना वकिली करता यावी यासाठी तिथे त्यांनी जोर लावला आणि 1923 ला तसा कायदा झाला. 1928 पासून ते नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले. शेवटी 18 जुलै 1946 ला आपल्या कमाईतले 20 लाख रुपये घालून सागरला विद्यापीठ उभं केलं आणि तिथलेही पहिले कुलगुरू तेच.

म्हणजे एका आयुष्यात तीन विद्यापीठं. आणि यात एकदाही त्यांनी 'पदासाठी विहित नमुन्यात अर्ज' केला नव्हता.

ते काही एकटे नव्हते. नागपूर विद्यापीठ 4 ऑगस्ट 1923 ला स्थापन झालं, त्याचे पहिले कुलगुरू सर बिपिन कृष्ण बोस हे नागपुरातले नामांकित वकील. मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू काशिनाथ त्र्यंबक तेलंग हायकोर्टाचे न्यायमूर्ती होते. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू मुकुंदराव जयकर, तेही बॅरिस्टर. तेव्हाची समजूत साधी होती. विद्यापीठ म्हणजे प्रतिष्ठेची संस्था, तिच्या डोक्यावर समाजातला वजनदार माणूस हवा. तो वर्गात शिकवतो की नाही हा प्रश्नच नव्हता.

स्वातंत्र्यानंतर हळूहळू वकिलांची जागा प्राध्यापकांनी घेतली. नागपूरला याचं ठळक उदाहरण म्हणजे डॉ. वि. भि. कोलते. बुलढाणा जिल्ह्यातलं नरवेल हे त्यांचं गाव, विषय मराठी, आणि आयुष्य महानुभावांच्या पोथ्यांमध्ये गेलेलं. ते 1966 ते 1972 नागपूरचे कुलगुरू होते आणि मधेच 1967 ला भोपाळच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षही झाले. खेड्यातून आलेला मराठीचा मास्तर त्या खुर्चीत बसू शकतो, हे विदर्भाने तेव्हा पाहिलं.

कुलगुरू, कुलपती, कुलसचिव: नक्की कोण काय?

इथे भल्याभल्यांचा गोंधळ होतो, आणि भंडाऱ्यात तर जास्तच, कारण तुमसर ओलांडून बालाघाटकडे गेलं की शब्दच बदलतात. मराठीत 'कुलपती' म्हणजे चान्सलर, महाराष्ट्रातल्या सरकारी विद्यापीठांचे कुलपती म्हणजे राज्यपाल. 'कुलगुरू' म्हणजे व्हाइस चान्सलर, प्रत्यक्ष कारभार बघणारा माणूस. हिंदीत मात्र व्हाइस चान्सलरलाच 'कुलपति' म्हणायची पद्धत. मध्य प्रदेश सरकारने 2024 ला ठरवलं की आपणही आता 'कुलगुरु' म्हणायचं. म्हणजे सीमेपलीकडचा तो गोंधळ निदान कागदावर तरी संपला.

कुलगुरूंच्या खालोखाल 'प्र-कुलगुरू'. मग कार्यालयाचा प्रमुख तो 'कुलसचिव', आणि परीक्षांसाठी वेगळे संचालक. तुमची गुणपत्रिका चुकली असेल तर खरं टेबल या शेवटच्या साहेबांचं. पण शिव्या कुणाला बसतात ते सांगायला नको.

अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या बातम्यांत 'प्रेसिडेंट' आणि 'प्रोव्होस्ट' असे शब्द दिसतात. ढोबळमानाने प्रेसिडेंट म्हणजे आपले कुलगुरू आणि प्रोव्होस्ट म्हणजे शिक्षणाची बाजू सांभाळणारा दुसऱ्या क्रमांकाचा माणूस. (आपल्याकडे अलीगढ विद्यापीठात प्रोव्होस्ट म्हणजे वसतिगृहाचा प्रमुख, तेव्हा शब्दावरून पद ओळखायला जाऊ नका.) तिकडे प्रोव्होस्टची खुर्ची ही प्रेसिडेंटपदाची तालीम मानली जाते. सतीश त्रिपाठी बफेलो विद्यापीठात 2004 पासून प्रोव्होस्ट होते, 2011 ला तिथलेच प्रेसिडेंट झाले. नीली बेंडापुडी कॅन्सस विद्यापीठात प्रोव्होस्ट होत्या, मग लुईव्हिलच्या आणि 2022 पासून पेन स्टेटच्या प्रेसिडेंट.

आपल्याकडेही अशी उडी होते, पण घरच्या घरी क्वचितच. नागपूरचे प्र-कुलगुरू डॉ. प्रमोद येवले 2019 ला औरंगाबादच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्याआधी ते वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघे इथल्या फार्मसी कॉलेजचे प्राचार्य होते. ही वाट नीट लक्षात ठेवा: जिल्ह्याचं कॉलेज, मग विद्यापीठात दुसरी खुर्ची, मग दुसऱ्या विद्यापीठात पहिली. पुढे तिचं काम पडणार आहे.

प्र-कुलगुरूपदाची एक गंमत आहे. कुलगुरूच त्याचं नाव सुचवतात, कुलपती नेमतात आणि त्याची मुदत कुलगुरूंच्या मुदतीला बांधलेली असते. कुलगुरू गेले की हेही गेले. लग्नात करवलीचं काम, नवरी उठली की पाट रिकामा.

निवड होते तरी कशी?

आज महाराष्ट्रात हे सगळं 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने चालतं. जागा रिकामी व्हायची वेळ आली की एक शोध समिती बसते. अध्यक्ष कुलपती नेमतात. तो निवृत्त न्यायमूर्ती किंवा नावाजलेला शास्त्रज्ञ वगैरे असावा लागतो. सोबत शासनाचा वरिष्ठ सचिव, आयआयटी-इस्रोसारख्या संस्थेचा विद्यापीठाने सुचवलेला प्रमुख, आणि आता यूजीसीचा प्रतिनिधी. जाहिरात निघते, अर्ज येतात, छाननी होते, मुलाखती होतात, आणि पाच नावं राज्यपालांकडे जातात. राज्यपाल त्या पाचांशी बोलून एकाला निवडतात. मुदत पाच वर्षं किंवा वयाची 65 पूर्ण, जे आधी येईल ते. त्याच विद्यापीठात दुसरी टर्म नाही.

कागदावर राजकारणाला यात जागा नाही. पण एवढी मोठी खुर्ची असल्यावर ओढाताण होणारच. डिसेंबर 2021 मध्ये तेव्हाच्या महाविकास आघाडी सरकारने विधेयक आणलं: समितीची नावं आधी सरकारकडे यावीत, सरकार त्यातली दोन राज्यपालांकडे पाठवेल, आणि उच्च शिक्षणमंत्री प्र-कुलपती असतील. विधिमंडळात ते मंजूर झालं, राज्यपालांची सही काही झाली नाही, 2022 ला सरकार बदललं आणि नव्या सरकारने ते मागे घेतलं. एका बाजूला राज्यपाल म्हणजे केंद्राने नेमलेला माणूस, दुसऱ्या बाजूला निवडून आलेलं सरकार. दोघांनाही ही खुर्ची का हवी असते? कारण शेकडो कॉलेजांची संलग्नता, नेमणुका, परीक्षा आणि एक मोठं बजेट तिच्या सहीने हलतं.

सुप्रीम कोर्टानेही यात बराच हात घातलाय. मार्च 2022 मध्ये गुजरातच्या आणि ऑक्टोबर 2022 मध्ये केरळच्या एका कुलगुरूंची नेमणूक कोर्टाने रद्द केली. केरळच्या प्रकरणात समितीने पाच-तीन नव्हे, एकच नाव पाठवलं होतं. यूजीसीचे नियम डावलून केलेली नेमणूक टिकणार नाही, असा या निकालांचा सरळ अर्थ.

आणि हे यूजीसीचे नियम म्हणतात काय? 2018 च्या नियमावलीप्रमाणे कुलगुरू व्हायला विद्यापीठात प्राध्यापक म्हणून किमान 10 वर्षं, किंवा नावाजलेल्या संशोधन वा शैक्षणिक प्रशासनाच्या संस्थेत 10 वर्षं काढलेली असावीत. या चाळणीतून हरिसिंह गौर पहिल्याच फेरीत बाहेर पडले असते. बिपिन कृष्ण बोसही. जयकरही.

पगाराचंही सांगून टाकतो, कारण कमेंटमध्ये तेच विचारलं जाणार. सातव्या वेतन आयोगानुसार कुलगुरूंचा पगार महिना 2,10,000 रुपये, वर 11,250 रुपये विशेष भत्ता, शिवाय महागाई भत्ता वगैरे. बंगला-गाडी वेगळी. मोठा आहे, पण एवढ्या पगारासाठी कोणी पंचवीस वर्षं वाट बघेल असं वाटत नाही. ओढ दुसऱ्या कशाची तरी असते.

खुर्ची मिळते संशोधनावर, जाते निकालावर

इथे खरी मेख आहे. माणसाला या खुर्चीपर्यंत नेतात त्या गोष्टी म्हणजे शोधनिबंध, पीएचडीचे विद्यार्थी, समित्या, परिषदा. आणि खुर्चीवर बसल्यावर त्याची परीक्षा होते ती उत्तरपत्रिका, कंत्राटदार, सर्व्हर आणि वेळापत्रकात. या दोन कौशल्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही.

सगळ्यात मोठं उदाहरण मुंबईचं. 2017 ला मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका ऑनलाइन तपासायचं ठरवलं. स्कॅनिंग अडलं, लॉगिन अडलं, प्राध्यापक अडले. लाखो मुलांचे निकाल महिनोन्महिने रखडले, कुणाचं परदेशातलं अ‍ॅडमिशन हुकलं, कुणाची नोकरी. 24 ऑक्टोबर 2017 ला कुलपतींनी कुलगुरू डॉ. संजय देशमुख यांना पदावरून दूर केलं. देशमुख जीवशास्त्राचे प्राध्यापक, पर्यावरणात काम केलेले. पण ती खुर्ची त्यांचं संशोधन विचारत नव्हती, निकाल कधी लागणार ते विचारत होती.

उलटही होतं. मुंबईच्याच डॉ. स्नेहलता देशमुख, 1995 ते 2000 कुलगुरू, पेशाने लहान मुलांच्या शल्यचिकित्सक. त्यांचं नाव आज कशासाठी निघतं? विद्यापीठाच्या प्रमाणपत्रावर विद्यार्थ्याच्या आईचं नाव यावं, हा निर्णय त्यांच्या काळातला. एक ओळ वाढली कागदावर, पण ती वाढवायला ज्याची सही लागते ती खुर्ची त्यांच्याकडे होती.

भंडाऱ्याच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने वाईट कुलगुरूपेक्षाही वाईट काय असेल, तर नसलेला कुलगुरू. नागपूरने ते अलीकडेच भोगलंय. फेब्रुवारी 2024 मध्ये कुलपतींनी नागपूरच्या कुलगुरूंना निलंबित केलं, एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ते निलंबन रद्द केलं. वाद तिथे थांबला नाही. त्यानंतर बराच काळ विद्यापीठ प्रभारींवर चाललं. आधी शेजारच्या गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाच्या कुलगुरूंकडे नागपूरचा अतिरिक्त भार आला, आणि 2025 मध्ये तर तो नागपूरच्या विभागीय आयुक्तालयातल्या अधिकाऱ्याकडे दिला गेला. सहा जिल्ह्यांचा महसूल, पूर, दुष्काळ, निवडणुका सांभाळणारा अधिकारी, आणि त्याच टेबलावर विद्यापीठाच्या फायली. जी आयुक्तालयाची नोकरी सोडून गौर कुलगुरूपदाच्या वाटेला लागले, त्याच आयुक्तालयातून शंभरेक वर्षांनी ती खुर्ची चालवली गेली. कालाय तस्मै नमः, दुसरं काय.

प्रभारी माणूस हुशार नसतो असं नाही. पण तो मोठे निर्णय घेत नाही, आणि त्याने घ्यावेत अशी कुणाची अपेक्षाही नसते. अभ्यासक्रम बदलायचा, नवं केंद्र काढायचं, भरतीची जाहिरात काढायची, असलं सगळं 'कायम कुलगुरू आल्यावर बघू' या खणात जातं. भंडारा-गोंदियाच्या मुलांना नागपूरला यावं लागू नये म्हणून काही करायचं असेल तर तेही त्याच खणात. 2011 ला चंद्रपूर-गडचिरोली वेगळे होऊन गोंडवाना विद्यापीठ झालं, भंडारा आणि गोंदिया नागपूरकडेच राहिले. त्यातही एकच विद्यापीठ नाही: मेडिकलचा मुलगा नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचा, शेतकीचा अकोल्याच्या पंजाबराव देशमुख विद्यापीठाचा. एकाच गल्लीतल्या तीन पोरांचे कुलगुरू तीन गावांत.

आता भंडाऱ्याच्या प्राध्यापकाचं गणित मांडू

समजा लाखनी किंवा पवनीची एक मुलगी आहे. एमएस्सी झाली, सेट-नेट झालं, पीएचडीही झाली आणि 27 व्या वर्षी ती कॉलेजात कायम सहायक प्राध्यापक म्हणून लागली. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत बढतीचे टप्पे ठरलेले आहेत. पीएचडी असेल तर पहिला टप्पा 4 वर्षांनी, दुसरा 5, मग 3 वर्षांनी सहयोगी प्राध्यापक, आणखी 3 वर्षांनी प्राध्यापक. बेरीज 15. म्हणजे सगळं वेळेवर झालं, एकही फाईल अडली नाही, तर ती 42 व्या वर्षी प्राध्यापक. त्यावर प्राध्यापक म्हणून 10 वर्षं. म्हणजे 52.

कुलगुरूपदाची मर्यादा 65. पूर्ण पाच वर्षांची टर्म हवी असेल तर 60 च्या आत नेमणूक व्हायला हवी. म्हणजे 52 ते 60 ही आठ वर्षांची खिडकी. एवढ्यात नागपूरची जागा एकदा किंवा फार तर दोनदा रिकामी होणार. ती हुकली तर अमरावती, गडचिरोली, नांदेड, जळगाव, कोल्हापूर असे अर्ज करत फिरायचं. कुलगुरूपदाचे बरेच उमेदवार असे राज्यभर मुलाखती देत फिरतात, ते हौसेने नव्हे.

थांबा, हे सगळं 27 व्या वर्षी कायम नोकरी लागली तर. भंडाऱ्यातच काय, महाराष्ट्रात कुठल्या कॉलेजात 27 व्या वर्षी कायम लागलेला प्राध्यापक शेवटचा कधी पाहिलात?

खरी परिस्थिती अशी की अनुदानित कॉलेजांतल्या भरतीला वर्षानुवर्षं शासनाची परवानगी अडकलेली असते आणि वर्ग चालतात तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर. तासाला पैसे, सुट्टीला शून्य, उन्हाळ्यात घरी. नेट-सेट-पीएचडी झालेली माणसं दहा-दहा वर्षं अशी शिकवतात. सकाळी एका कॉलेजात दोन तास, दुपारी दुसऱ्या गावात, उरलेल्या वेळात शेती, शिकवणी किंवा दुकान. आणि तासिकेवरची ही वर्षं बढतीच्या हिशेबात साधारणपणे धरली जात नाहीत.

म्हणजे तीच मुलगी 27 ला पात्र झाली, पण कायम झाली 38 ला, तर? 38 अधिक 15, 53 ला प्राध्यापक. अधिक 10, म्हणजे 63. पण राज्यातल्या कॉलेजांतले अध्यापक साधारण 60 ला निवृत्त होतात. ती दहा वर्षं भरणारच नाहीत. हुशारीत काही कमी नव्हतं, संशोधनातही नाही. खेळातून ती बाद झाली अकरा वर्षांच्या तासिकेमुळे, आणि तेही तिला कुणी न सांगता.

काही आडवाटा आहेत. पीएचडी आणि शिकवण्याचा 10 वर्षांचा अनुभव असेल, शोधनिबंध पुरेसे असतील तर विद्यापीठात थेट प्राध्यापक म्हणून अर्ज करता येतो, त्यात वर्षं वाचतात. पण विद्यापीठाच्या विभागांतल्या जागाही रिकाम्याच पडून असतात. दुसरी वाट प्राचार्यपदाची, येवले गेले तशी. प्राचार्य झालं की अधिसभा, विद्या परिषद, व्यवस्थापन परिषद अशा ठिकाणी निवडून जाता येतं. फायली कशा चालतात, बजेट कसं बनतं, संलग्नतेची समिती काय बघते, हे तिथे कळतं. विद्यापीठातल्या विभागात बसलेल्या नामांकित संशोधकाला यातलं निम्मंही ठाऊक नसतं. माझ्या मते उत्तरपत्रिका आणि वेळापत्रकं सांभाळायला हा दुसरा माणूसच जास्त कामाचा. साकोलीला वीज गेली की परीक्षा केंद्रावर काय होतं, ते त्याने डोळ्यांनी बघितलेलं असतं.

पण त्या वाटेलाही काटा आहेच. खाजगी संस्थांच्या कॉलेजात प्राचार्य कोण होणार हे बऱ्याचदा संस्थाचालकाच्या मनावर असतं, आणि संस्थाचालक विदर्भात बहुतेक वेळा कुठल्या ना कुठल्या पक्षात असतो. त्यामुळे प्राचार्यपदापासूनच माणसाच्या नावापुढे एक रंग लागतो. पुढे कुलगुरूपदाच्या चर्चेत तो 'अमुक गटाचा' म्हणून ओळखला जातो, तो खरंच असो वा नसो.

विदर्भातून निघून थेट दिल्ली गाठलेलीही माणसं आहेत. अमरावती जिल्ह्यातल्या महिमापूरचे डॉ. सुखदेव थोरात 2006 ला यूजीसीचे अध्यक्ष झाले, म्हणजे ज्या संस्थेचे नियम आपण वर वाचले तिचे प्रमुख. पण ते गेले ते जेएनयूमधून. जिल्ह्याच्या कॉलेजात राहून तिथे पोचता येतं का, हा प्रश्न त्यांच्या उदाहरणाने सुटत नाही.

नवा मसुदा: गौर पुन्हा आत?

6 जानेवारी 2025 ला यूजीसीने नव्या नियमांचा मसुदा काढला. त्यात कुलगुरूपद प्राध्यापकांपुरतं ठेवलेलं नाही. उद्योग, लोकप्रशासन, सार्वजनिक धोरण अशा क्षेत्रांत वरच्या पदावर 10 वर्षं काढलेल्या माणसालाही दार उघडलं. शोध समिती कुलपतींनी नेमायची, असंही त्यात होतं. तमिळनाडू, केरळसारख्या राज्यांनी लगेच विरोध केला: राज्याच्या पैशाने चालणाऱ्या विद्यापीठात राज्याचाच माणूस समितीत नको, हा कुठला न्याय?

महाराष्ट्रात चर्चा झाली ती दुसऱ्या टोकाने. कंपनीचा मॅनेजर किंवा निवृत्त आयएएस कुलगुरू होणार का, म्हणून प्राध्यापक संघटना चिडल्या. दुसऱ्या बाजूचंही थोडं ऐकायला हवं. गौर प्राध्यापक नव्हते, आणि सागरचं विद्यापीठ त्यांच्याच पैशातून आणि धडपडीतून उभं राहिलं. निकाल वेळेवर लावायला संगणक कळणारा प्रशासक हवा की विद्वान, असं भंडाऱ्याच्या पोराला विचारलं तर तो काय सांगेल, हे वेगळं सांगायला नको. पण गौर स्वतःच्या खिशातले 20 लाख घालणारे होते. मसुद्यातल्या माणसाकडून ती अपेक्षा कुणी करत नाही.

मसुद्याने बाहेरच्यांसाठी दार उघडलं, तासिकेवरच्यांना मात्र कायम नोकरीचीच वाट बघायची आहे. आज तुमसरच्या एखाद्या कॉलेजात तासिकेवर रसायनशास्त्र शिकवणारा, पीएचडी झालेला माणूस 2026 ला 38 व्या वर्षी कायम झाला, असं धरू. तो प्राध्यापक होईल 2041 ला. साठावं लागेल 2048 ला. तोवर त्याची प्राध्यापक म्हणून सात वर्षं झालेली असतील.